मापाचा पाय

सीपीआरच्या समोर, उपाध्ये सर्जिकलमध्ये
तीन खोकी काउंटरवर उघडी पडलीत
आणि मी डावी पॅन्ट मांडीपर्यंत गुंडाळून
स्टुलावर बसलोय अवघडून.

पहिला म्हणजे नुसता मोजा. साडेनऊशे.
ऊब देतोय, पद्मजा म्हणाली, धीर देतोय.
धरत न्हाई.
दुसऱ्याला दोन्ही अंगांनी बिजागरी, चार हजार दोनशे.
तिसरा फोटोतच आहे, मागवावा लागतो,
त्याची किंमत ती बोलली नाही,
कॅल्क्युलेटर माझ्याकडं फिरवला.

मी दुसऱ्याची बिजागरी कानाशी धरली.
चौदा वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा आहे,
धातू खोटं बोलला तर मला ऐकू येतं.
उघडली, मिटली, उघडली.
थोडा प्ले आहे.
असूदे, गुडघ्यातही असतोच,
माझ्यात जरा जास्त झाला
म्हणून तर इथवर आलो.

गेल्या हंगामात, सेमीफायनल, बासष्टावं मिनिट.
कुणी लाथ मारली नव्हती. हे पेठेत कुणाला पटत नाही,
अजून त्या पोराचं नाव घेऊन शिव्या घालतात.
तो बिचारा दोन हात लांब होता.
मी वळलो, स्टड मातीतच राहिले,
आणि आतून आवाज आला
भोकात टॅप तुटल्यावर येतो तसा,
बारका.
हलगी वाजतच होती.

पद्मजानं बॉलपेननं मांडीवर खूण केली,
वाटीपासून पंधरा सेंटिमीटर वर,
आणि टेप फिरवला.
उजवी अठ्ठेचाळीस.
डावी साडेपंचेचाळीस.
तक्त्यावरची रेघ नेमकी मधून जाते,
माझा एक पाय लार्ज, एक मीडियम.
अडीच सेंटिमीटर!
आमच्याकडं याच्या शंभराव्या हिश्शाला
जॉब भंगारात जातो.

लार्जच दे, म्हटलं. भरेल मांडी.
गंगावेशीत कट्ट्यावर रोज दूध पितोय,
दोन महिन्यांत भरेल.
ती टेप गुंडाळत राहिली.
म्हणाली, दादा, आमची आई शाळेचे ड्रेस शिवती,
वाढत्या अंगाचे, दोन बोटं शिलाई सोडून.
ह्याचं तसं नसतंय.
सैल पट्टा धावताना घसरतोय,
घसरला की बिजागरी वाटीच्या खाली जाती
आणि पाय एकीकडं दुमडतोय, पट्टा दुसरीकडं.
आज जो पाय हाय, त्याचंच माप घ्या.

मुल्लाणी मॅडमनी तर आधीच सांगितलंय,
पट्टा कुठलाही आण,
एका पायावर पंधरा वेळा बसून ऊठ,
मग मैदानाचं बोल.
अकरापर्यंत पोचतो मी.
बाराव्याला गुडघा आत वळतो
पाहुण्यांसमोर आणलेल्या पोरासारखा.

पैसे मोजताना फोन वाजला. इर्शाद, आमचा गोली.
घेतलास न्हवं? रविवारी प्रॅक्टिस हाय.
म्हटलं, मीडियम घेतला.
त्याला वाटलं जर्सीचं चाललंय,
म्हणाला, बारीक झालास की रं.

रात्री पोरगी वेलक्रो उघडत बसली,
चर्र, चर्र,
तिच्या कोपराला बांधून बघितला,
मग बाहुलीच्या पोटाला.
आंघोळीत ती निळी खूण निम्मी गेली होती.
मी पेन घेऊन परत ओढली,
जरा जाड.
मंगळवारी टेप लावायचा आहे.

रविवारी रेषेच्या बाहेर, पट्टा बांधून,
गोलपोस्टामागच्या जाळीला एक हात धरून
बसतो, उठतो.
आत इर्शाद कुणालातरी आईवरून ओरडतोय.
नऊ.
दहा.
अकरा.
बॉल बाहेर येऊन पायाशी थांबला.
उजव्यानं परत दिला.