अवेळी वाजलेला भोंगा

रात्री अकरा वाजून सतरा मिनिटांनी
उद्यमनगरातला आमचा भोंगा वाजला.
शिफ्ट नव्हती. सोमवार, सुट्टीचा वार,
भट्टी थंड, साच्यांची वाळू मांजरांना मोकळी.
वाजला तो एकदा नाही, तीनदा,
आणि तिसऱ्यांदा, बटणावर कुणी हात विसरल्यासारखा.

टेंबलाईच्या टेकडीपर्यंत कुत्री उठली.
यादवनगरात दिवे लागले.
दऱ्याप्पा चौगुल्याचा फोन, "मालक, भट्टी उडाली का काय?"
मी बनियनवरच स्कूटर काढली.

गेटवर आमचा वॉचमन.
चौदा वर्षं त्याच खुर्चीत,
पगाराच्या वहीत 'बहादूर',
कारण त्याच्या आधीचाही बहादूरच होता
आणि वही संपली नव्हती.
हातात काच फुटलेला मोबाईल, गालावर ओल,
"जित्यो, साहेब. जित्यो."

कुणाला हरवलं ते त्यानं सांगितलं.
मला आधी हसू आलं,
मग जिन्यावर एक पायरी कमी भरावी
तसं झालं पोटात.

ते म्हणजे आमच्या घरी
आबांच्या हत्यारांच्या कपाटाचं आतलं दार.
तिथं डिंकानं डकवलेला फोटो:
उडी घेतलेला गोलंदाज, शर्टाची बटणं छातीखाली सुटलेली,
जमीन नकोशी झालेली दोन्ही पायांना.
आबा पॅटर्नमेकर. सागवानातून पंपांची पोटं कोरायचे.
रंध्यावर हात, रेडिओवर कान,
आणि आपली माणसं एकेक करून परतत असताना
म्हणायचे, "हाडं मोजून घेत्यात रं, हाडं!"
ओठ दाबून. खूश असल्यासारखे.

हिक्मतनं मला शेवटची ओव्हर परत दाखवली
(हिक्मत, हे मला सकाळी कळलं),
अडकत अडकत, नेट तसलंच.
सहा चेंडूंत नऊ हवे होते त्यांना.
नऊ! त्यांना! कधीकाळी ही त्यांची चिल्लर.
समोर मिसरूड न फुटलेलं पोर,
चेंडू पँटला पुसतंय, पुसतंय, पुसतच राहिलंय.
"ह्याचा गाव माझ्या गावाच्या वरती," हिक्मत म्हणाला,
"तिकडं बॉल खाली गेला तर
उद्या आणतो, साहेब."

शेवटचा चेंडू उंच गेला.
इतका उंच, की मलाही वाटलं, गेला.
सीमेवरच्या पोरानं तो धरला
आणि धरून खालीच बसला;
जिंकल्यावर काय करतात ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
फटका मारणारा तसाच उभा,
बिल मागवून खिसे चाचपणाऱ्या गिऱ्हाइकासारखा.
डोईवरची टोपी तेवढी जुनी, त्याच रंगाची.

घरी आलो तर आबा दारात.
खाकी शर्ट, बटणं एक घर चुकलेली,
हातात रिकामा डबा.
"भोंगा झाला. लई उशीर झाला का रं?"
निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली.
मी सांगितलं. ते पायरीवर टेकले, डबा मांडीवर.
"कुणी हरवलं म्हणलास?"
"आपल्या वॉचमनच्या देशानं."
"कितीनं?"
"दोन धावांनी."
बराच वेळ ते डब्याची कडी उघडत राहिले, लावत राहिले.
"मग लढली म्हणायची," आबा म्हणाले.
कोण, ते मी विचारलं नाही.

सकाळी शेजारच्या शॉपवाल्यांनी लेखी कारण मागितलं.
मी लिहिलं, भोंग्याची चाचणी,
आणि कागद वॉचमनपुढं सरकवला: कर सही.
त्यानं केली. सावकाश, आपल्याच बाराखडीत,
शिरोरेघ शेवटी, एका दमात ओढलेली:
हिक्मत बहादुर रोकाया.

चौदा वर्षं आम्ही
मधलंच तेवढं हाकारत होतो.