उणे एकतीस

अमोनियाची बाटली उघडली की
नांदेडच्या या प्रयोगशाळेत अब्बा येतात.
नवसागराचा तोच वास,
अर्धापूरच्या चौकात खड्ड्यातले निखारे, भाता,
तापल्या पातेल्यात कापसाचा बोळा
एकदाच, गर्रकन,
आणि तांब्यावर चांदणं.

मी चांदण्याच्या उलटं काहीतरी करायलेय.

लोखंडाची भुकटी, इतकी बारीक
की शिंकलं तर आठवडा उडून जाईल.
ती चुंबकाच्या गोळीनं ढवळायची नसते,
बिलगून बसते, सोडत नाही
(पहिल्या वर्षी हे कुणी सांगितलं नव्हतं).
वरून काचेची दांडी फिरते पाच तास
आणि कणाकणावर
एक पातळ साल धरत जाते.
धरली तर.

उघडं लोखंड लाटेला दारातूनच परत लावतं.
लांबून ती ताकद वाटते.
साल फार जाड झाली
की लाट खुशाल आत येते, हिंडते,
तिला धरून ठेवायला आत कुणीच नसतं.
या दोहोंमधली जाडी शोधण्यात
तीन वर्षं, एक भट्टी,
आणि दोन चांगली स्थळं गेली.

मग मेणात कालवून सात मिलिमीटरच्या अंगठ्या.
"यात बोट तरी जातं का गं?"
नजमाखालांनी विचारलं होतं.

बारा पुण्याला पाठवल्या.
आलेख आला तेव्हा वीज गेलेली,
फोनच्या उजेडात पाहिलं:
रेषा सपाट, सपाट,
आणि नऊ गिगाहर्ट्झच्या पुढं
चारठाण्याच्या बारवेसारखी खाली.
उणे एकतीस.
हजारातला एखादा अंश परतला असेल,
बाकी सगळी लाट आतच विरली,
तिची ऊब झाली,
हाताला कळणारही नाही एवढी.

फक्त सातव्या अंगठीत.
तीच कृती पुन्हा केली, उणे अकरा.

सातवी घरी नेली.
अब्बांनी खिडकीशी धरून फिरवली.
"तोंड दिसत नाही हिच्यात."
"दिसू नये म्हणूनच केलीय."
बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "कळकत तर नाही ना?"

चमक गिऱ्हाइकासाठी असते,
कल्हईचं काम वेगळं,
हे ते कधी बोलले नव्हते.

रात्री चिमूटभर भुकटी
मिठाच्या पाण्यात टाकली,
कान तुटलेल्या कपात,
आणि कपावर तारीख लिहिली.