अंधाराच्या गटात

साखर दोघांनाही. दोघांच्याही डोळ्यांच्या पडद्यावर
मोहरीएवढे लाल ठिपके,
अजून दिसण्याच्या आड न आलेले.
किर्केनेसच्या इस्पितळात सुनिव्हाने
दोन बंद पाकिटं फोडली.
गुन्वोरला उजेडाचा मुखवटा निघाला,
मला बिनउजेडाचा.

सुई नाही, लेझर नाही. नुसतं झोपायचं.
अंधारात, सुनिव्हा म्हणाली, डोळा विसावत नाही;
तेव्हाच तर तो स्वतःत तेल घालून जागतो
आणि रक्तातला प्राणवायू ढसाढसा पितो.
मिटल्या पापणीवर मंद हिरवं काही ठेवलं
तर तो फसेल, थोडा कमी पिईल,
असं वाटतंय.
'वाटतंय' तिने दोनदा म्हटलं.

मग मी रिकामा मुखवटा कशाला घालू?
"कुणीतरी अंधारही मोजायला हवा, आस्लाक."
बत्तीस वर्षं मी वरांगरच्या रस्त्यावर बर्फ लोटला.
नोव्हेंबरात सूर्य बुडाला की जानेवारीपर्यंत
ओंजळभर पिवळ्या दिव्यामागून गाडी हाकली.
माणूस बरोबर निवडलाय, म्हटलं,
आणि सही केली.

गुन्वोरचं नाक बारीक. मुखवट्याच्या फटीतून
उशीवर शेवाळी रेघ सांडते.
मी भिंतीकडे तोंड करतो:
तिचा उजेड माझ्या हिशेबात यायला नको.
अडतीस वर्षांच्या संसारात पाठ फिरवायला
इतकं चांगलं निमित्त मिळालं नव्हतं,
ती म्हणते.

डिसेंबरातल्या एका रात्री लघवीला उठलो
तर तिचा मुखवटा गोधडीवर पडलेला, उताणा,
कुणासाठीच नाही असा उजळत.
हातात घेतला. तळहाताच्या रेषा हिरव्या झाल्या.
एक तास, फक्त एक.
पण त्याच्या पोटात घड्याळ आहे,
माझा तास तिच्या नावावर लिहिला गेला असता
आणि मार्चमध्ये सुनिव्हा
त्या आकड्यावर विश्वास ठेवून बसली असती.

तिचे केस बाजूला सारले,
पट्टा कानामागून ओढला.
"उजाडलं?" झोपेतच तिने विचारलं.
"नाही. झोप."

मग चाचपडत माझा शोधला,
चढवला.
आतला अंधार
बाहेरच्यापेक्षा किंचित कोमट होता.