रकाना

पुण्याहून आलेल्या फॉर्मात बत्तीस प्रश्न.
मराठी शुद्ध, इस्त्री केलेलं,
घडी मोडायला जीव होऊ नये असं.
गेल्या सात दिवसांत तुला भीती वाटली का?
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, नेहमी.
खाली पाच चेहरे, हसण्यापासून रडण्यापर्यंत,
सगळ्यांची डोकी एका मापाची.

मी बाबाजीपुऱ्यातल्या मराठी शाळेची शेवटची बाई.
शाळेच्या जागी आता टाइल्सचं दुकान.
दवाखान्याला कुणीतरी हवं होतं
दोन्ही भाषा येणारं, दुपारी मोकळं.

ध्रुमिल शिर्के, वय नऊ, दमा.
घरात मराठी, गल्लीत गुजराती,
नेब्युलायझरच्या मास्कमध्ये दोन्हींची वाफ.
म्हणाला, "रात्री मला गभरामण होते."
मी लिहायला घेतलं: भीती, बरेचदा.
आणि पेन उचललं.
गभरामण म्हणजे भीती नव्हे,
छातीत दाटतं ते,
खिडकी उघडायला लावतं ते.
पण पुण्यात त्यांना त्यात घाबरणं दिसेल,
ते मनाच्या रकान्यात जाईल,
बेरीज होईल, सरासरी निघेल
आणि एका मुलाचा श्वास
भित्रा म्हणून कायमचा नोंदला जाईल.

"भीती वाटते, की कोंडतं?"
"आधी कोंडतं. मग आई उठते.
तिचं तोंड बघून भीती वाटते."

याला दोन रकाने लागतात
आणि मधे एक बाण.

झंखनाला गुजराती फॉर्म वाचून दाखवला.
पाय दुखतात? मजामां.
झोप लागते? मजामां.
आमच्या बडोद्यात ते उत्तर नसतंच,
दार उघडताना कडी वाजते, तसं ते.
हाताला सलाईन लावलेली मुलगी
कडी वाजवत राहिली.
आत कुणाला घेतलं नाही.

सवली राठवा छोटाउदेपूरकडची.
तिच्या बोलीत फॉर्मच नाही.
मी मासीला गुजरातीत विचारायचं,
मासीने तिला तिच्या बोलीत.
मासीने चार वाक्यं नेली,
सवलीने एक शब्द दिला,
मासी सहा वाक्यं घेऊन परत आली.
वाटेत दुखणं वाढलं की सांडलं,
कुणाला विचारू?
शेवटी चेहरे पुढे केले.
तिने बोट ठेवलं
तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे,
जिथे नुसता कागद होता.
सूचनेप्रमाणे याला नऊ लिहायचं:
उत्तर दिले नाही.

आता अकरावा प्रश्न.
इतर मुलांबरोबर खेळलास का?
ध्रुमिल म्हणाला, नेहमी.
शेजारच्या खोलीत, पालकांच्या फॉर्मवर
त्याच्या आईने लिहिलं, कधीच नाही.
दोन खुणा, एकाच घरातल्या,
एकीचं पेन कागदात रुतलेलं.

पंधरा दिवसांनी पुण्याहून विचारणा आली:
प्र. ११, माता व बालक, तफावत. कृपया तपासावे.

त्याला परत बोलावलं.
त्या सात दिवसांत उत्तरायण होतं.
गच्चीवर भाऊ, भावाचे मित्र, काकांची भोंग्यासारखी गाणी,
धूळ, थंडी, पतंग.
पळायचं नाही, ओरडायचं नाही,
मफलर सोडायचा नाही.
याने दोन दिवस फिरकी धरली.
आईला दिसला तो एका जागी उभा.
"नुसतं उभं राहणं खेळ असतो का?"
मी विचारलं. माझ्यातली शाळा कधीतरी बोलतेच.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
जसं वर्गात मी पाहायची
सोपं गणित चुकलेल्या पोराकडे.

"टीचर, पतंग उडवणारा वर बघतो.
मांजा किती उरलाय
ते फिरकीवाल्यालाच कळतं."

खोकला आला. पाणी दिलं.
मग खिशातून त्याने मला
बोटावरची मांजाची रेघ दाखवली,
म्हणजे बोटच काढून दाखवलं खिशातून,
खपली धरलेलं, ऐटीत.

तपासले, असं मी पुण्याला कळवलं.
दोन्ही उत्तरे बरोबर आहेत.
बदल करू नये.