माणशी शंभर वॅट

चाळीस वर्षं डिचोलीत वायरिंग केलं,
पंखे टांगले, पंप जोडले, गिझर बसवले,
घर तापवायला मात्र कोणी बोलावलं नाही.
इथे डिसेंबरातही पंखा दोनावर.

सुलक्षा स्विंडनहून म्हणाली,
बाबा, बॉयलर मेला. विजेचे हीटर घ्यायचेत.
एकूण किती किलोवॅट?
दुकानदार मोठेच गळ्यात मारेल.

म्हटलं, अंदाजपंचे नको, मोज.
फोन खिडकीत उभा करून ती मोजू लागली.
टेपचं दुसरं टोक बुटाखाली दाबलेलं,
ते सुटायचं, सर्रकन आत पळायचं,
ती हसायची, परत ताणायची.

बाहेरच्या भिंती साठ चौरस मीटर.
वीट भरीव की मधे पोकळी?
तिने बोटाने टकटक केलं,
मी समुद्रापलीकडच्या भिंतीला कान लावला.
खिडक्या आठ, काच एकेरी.
आत वीस हवेत, बाहेर उणे दोन.

फरक बावीस.
डायरीत लिहिलं आणि जरा थांबलो.
आमच्याकडे ह्या जागी शून्य येतं,
गणितच उभं राहत नाही.
आतबाहेर एकच हवा,
शेजारची कोंबडीसुद्धा विचारून आत येत नाही.

भिंतींचे एकोणीसशे ऐंशी, काचांचे आठशे ऐंशी,
छप्पर, फटी, दाराखालचा वारा,
सगळं मिळून चार हजार.
आता वजाबाकी, मी म्हणालो.
माणूस नुसता बसला तरी शंभर वॅट ऊब देतो.
तुम्ही दोघं, म्हणजे दोनशे...

तिकडे टेप आत पळाली नाही.
"शंभरच धरा, बाबा."
"सर्वेश रात्रपाळीला असतो काय?"
"शंभरच धरा."

स्वयंपाकघरातून हिने विचारलं, किती आले?
थांब गो, म्हटलं, हातचा राहिलाय.

शंभर लिहिलं. आकडा फुटला,
पंखा चालू असून
कागदावर घाम कुठून पडला कोण जाणे.

पाच किलोवॅटचे घे, मी सांगितलं.
वायर जाड, एमसीबी वेगळा,
पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर लांब.
"पण चारसुद्धा भरत नाहीत ना?
वरचा एक कशाला?"

असू दे.
नुसत्या टकटकीवरून
मला त्या भिंतीचा भरवसा आला नाही.