बसकडे मी बघते

पहिल्या आठवड्यात मी तिचं कोपर बघितलं.
दुसऱ्यात कंबर.
तिसऱ्यात मागच्या पायाचा चवडा.
"विडी विझवतात ना चपलेखाली, तसा फिरव," म्हटलं,
आणि जुलेखा तडवीनं एवढ्या विड्या विझवल्या
की यावलच्या आमच्या मैदानावर
होम प्लेटशेजारी खळगा पडला.
बॉल मात्र बॅटच्या टोकाला चाटून
पायाशीच मरायचा.

ठिबकच्या फुटक्या पाइपाचा मी टी केला होता,
वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
टीवरचा बॉल ती असा मारायची
जसा केळीच्या दांड्यावर विळा बसावा:
एकच आवाज, आणि घड खांद्यावर.
दामिनीनं टाकलेला बॉलही मारायची, चार वाजता,
साडेचार वाजता.
बिघडायचं ते पाचनंतर.

हे "पाचनंतर" कळायला मला तीन आठवडे लागले.
मी स्वतः खेळलेय, जिल्ह्याकडून, दोनदा.
म्हणजे मला चुका पाठ होत्या, माझ्याच,
आणि त्याच मी तिच्या अंगात शोधत बसले होते.

"मॅडम, मले नाही जमत."
"डोकं हलतंय तुझं."
"नाही हलत."
हलत होतं.
बॅट निघायच्या आधी हनुवटी निघायची
डावीकडे, तिसऱ्या बेसच्या पलीकडे,
तारेच्या कुंपणाच्या, वाळत घातलेल्या चादरींच्या पलीकडे,
डांबरी रस्त्याकडे.

पाच वीसची डोंगरकठोरा.
हात केला तर थांबते, ड्रायव्हर ओळखीचा असला तर.
ती चुकली की काळीपिवळी,
आणि काळीपिवळी भरेपर्यंत अंधार,
आणि अंधार झाला की घरी एकच वाक्य:
उद्यापासून बंद.
हे तिनं मला कधी सांगितलं नाही.
मीही कधी विचारलं नव्हतं.
कोपराबद्दल मात्र रोज विचारत होते.

दुसऱ्या दिवशी मी बेस उचलले
आणि मैदान उलटं मांडलं.
चुना संपला, रेघा अर्ध्याच राहिल्या.
आता रस्ता तिच्या पाठीमागे.
"बसकडे मी बघते," म्हटलं.
"तू बॉलकडे बघ. लाल टाके दिसले पाहिजेत,
शेवटपर्यंत, बॅटवर येईपर्यंत."

बँकेतल्या खिडकीपलीकडच्या माणसाकडे बघतात
तशी तिनं माझ्याकडे बघितलं.
पैसे देऊ की नको?
"आणि आवाज आला तर?"
"येऊ दे. ऐक. बघू नको."

पाच दहा. चाटून गेला.
पाच बारा. हुकला, पण डोकं जागेवर.
त्यानंतरचा कितवा ते आठवत नाही.
मार्चचं ऊन उतरलं होतं तरी जमीन भाजत होती,
दामिनीनं घाम पुसला, हात फिरवला,
आणि जुलेखा वळली ती कंबरेपासून,
खांदे मागून आले, हात त्याच्याही मागून,
हनुवटी तिथेच,
जिथे आता बॉल नव्हता.

बॉल शॉर्टस्टॉपवरून, लेफ्ट फील्डवरून,
कुंपणावरून गेला आणि चौधरींच्या केळीत शिरला.
दोन पानं फाटल्याचा आवाज आला.
सगळ्या मुली बघत राहिल्या.
मीही.

"मॅडम," दामिनी म्हणाली, "बस."

वळणावर नुसती धूळ होती.
जुलेखा काही बोलली नाही.
बॅट खाली ठेवून तिनं चपला शोधल्या.

मग माझी स्कूटी, मागे ती,
आमच्या दोघींच्या मध्ये आडवी बॅट,
माझ्या फोनवर तिची आई, मग मामा, मग पुन्हा आई.
चूक माझी आहे, मी तिघांनाही सांगितलं.
सातपुडा जवळ येत चालला, निळ्याचा काळा होत.
केळीचे ट्रक समोरून डोळ्यांत दिवे मारत होते.

"मॅडम," ती माझ्या कानाशी म्हणाली,
"टाके दिसले."
"काय?" मी मान वळवली.
"टाके. लाल. चार तरी मोजले मी."
"खरंच?"

"समोर बघा, मॅडम."