सातशे चार

मी ओंडके मोजायचो. एकतीस वर्षं,
केमियार्वीच्या लाकूड गिरणीत,
तळ्यातून ओले वर येणारे एकेक:
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
म्हणून बोलावलं मला. त्यांना मोजणारा हवा होता,
डुलकी न लागणारा.

मैदान शाळेचं. चारशे मीटरची गोल माती.
जूनचा शेवट. सूर्य मावळायचं नावच घेत नाही,
झाडांच्या शेंड्यांवरून नुसता घरंगळत जातो,
आणि डास, डास, डास.

आउने केल्लोकुम्पू, वय त्रेपन्न, टपाल वाटते.
दुपारी बाराच्या ठोक्याला तिनं कुंपणाचा खांब सोडला
आणि छातीएवढ्या उंच एका चाकावर बसून निघाली,
रिकाम्या दोन हातांचं आता काय करायचं
हे आठवत असल्यासारखी.

लोकांना वाटतं, अवघड काय तर तोल.
तोल महिन्याभरात येतो, ती म्हणाली होती,
मग विसरायला होतो, स्वतःच्या नावासारखा.
अवघड हे, की हे चाक फुकट फिरत नाही.
पाय थांबले की तेही थांबलं.
उतारावरसुद्धा उसंत नाही.
दुचाकी कशी टिकटिक करत निवांत सुटते,
तेवढी टिकटिकही हिच्या नशिबात नाही.

नवरा ओउलूला गेला तो गेलाच.
संसाराला दोन चाकं लागतात,
असं बेकरीत कोणीतरी म्हणालं, तिला ऐकू जाईल असं.
पुढच्या वसंतात तिनं हे आणलं.
रागानं का, मी विचारलं नाही.
स्वस्त मिळालं, एवढंच तिनं सांगितलं.

मोडायचा आकडा सातशे चार.
बावीस वर्षांपूर्वी, अल्टाच्या टोरब्योर्ग नावाच्या बाईनं
चोवीस तासांत तेवढ्या फेऱ्या मारल्या होत्या.
ती स्वतः आली, रात्रीच्या बसनं, थर्मास घेऊन.
आता सत्तरीची, गुडघे गेलेले.
आउने समोरून गेली की ही नकळत
बाकावर बसल्या बसल्या पाय हलवायची.

बेकरीतून वेलचीचे पाव आले.
(तिथूनच. मी ते खाल्ले, काय करणार.)
नवव्या तासाला ती पडली, कोपर सोललं,
जिथे पडली त्याच जागेवरून पुन्हा चढली.
कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
आमच्याकडे तशी पद्धत नाही.

पहाटे चार. पहाट म्हणायची इतकंच.
कुंपणाच्या फटीतून एक रेनडिअर आत आला,
पिल्लू सोबत,
आणि पाठच्या वळणावर उभा राहून
तिच्याकडे असा पाहू लागला
की मीही त्याच्याकडे पाहू लागलो.
भानावर आलो तेव्हा पेन्सिल कागदावर टेकलेली.
रेघ ओढली होती की ओढायची होती?

रेघ तीच फेरी, असा नियम.
ओंडका पाहिला नाही तर तो आलाच नाही:
मीच पोरांना शिकवायचो हे.
ओढली नाही.

बारा वाजले. कागदावर सातशे चार.
"सातशे पाच," खांबाला धरून ती म्हणाली.
तिचं गणित वेगळं होतं.
टपालाच्या वाटेवरचं एकेक घर, क्रमानं,
एका फेरीला एक दार.
मी रेनडिअरचं सांगितलं. सगळं सांगितलं.
ती बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिली.
टोरब्योर्ग तिच्या भाषेत काहीतरी बोलली,
आम्हाला कोणालाच कळलं नाही,
आणि थर्मासचं झाकण तिच्यापुढे धरलं.

आउने कॉफी प्यायली. मग माझ्याकडे वळून:
"कुठलं दार राहिलं, ठाऊक आहे?
तुझं."

सोमवारी ती माझ्या फाटकाशी आली,
पायी, लंगडत,
एकच पाकीट हातात, विजेचं बिल.
पेटीत टाकलं नाही. माझ्या हातात दिलं.
"मोज," म्हणाली.